क्वार्टरभर तेल

"ज्याला मिक्सर उघडता येतो त्याला विमानसुद्धा उघडता येतं, मोटरसायकल तर सोडाच," असं मी गुरुवारी सकाळी साडेदहाला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये म्हणालो. ऐकायला वॉचमन होता, दोन रिटायर शेजारी होते आणि माझी बायको उज्वला होती. पावणेअकराला मामांच्या गाडीतलं सगळं तेल उज्वलाच्या जुन्या परातीत होतं आणि नवीन तेल ओतायचं भोक उघडत नव्हतं.

माझं नाशकात जेल रोडला मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. तेही मामांमुळेच. दहावीला मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा धोंडीराममामांनी बसू दिलं नाही, पुढ्यात चतुरामामींचा बंद पडलेला मिक्सर आणून ठेवला. म्हणाले, "पुस्तक तुझ्याशी बोलत नाही, याच्याशी बोलून बघ." मिक्सर बोलला. म्हणजे आधी धूर आला, पण चौथ्या दिवशी बोलला. तेव्हापासून मी पोटापाण्याला लागलो आणि मामींना मात्र नवीन मिक्सर घ्यावा लागला.

मामा नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये मशीनवर होते. ही गाडी त्यांनी नोकरीत असताना देवळाली कॅम्पच्या एका रिटायर कर्नलकडून घेतली. परदेशी गाडी, ढकलायला दोन माणसं लागतात. तिला चेन नाही. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक लोखंडी दांडा जातो, त्याला शाफ्ट म्हणतात. चाकाच्या मधोमध नारळाएवढा एक डबा आहे. शाफ्टचं फिरणं त्या डब्यातली दातेरी चाकं आडवं वळवतात आणि गाडीच्या चाकाला देतात. डब्याला दोन नट. वरच्यातून तेल ओतायचं, खालच्यातून सोडायचं. तेल लागतं क्वार्टरभर.

क्वार्टरभर म्हणजे खरोखर क्वार्टरभर. मामा माळकरी, आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत, पण दारूच्या क्वार्टरच्या बाटलीत या डब्याचं तेल बरोबर मापात बसतं हे त्यांना कर्नलने शिकवलं. तेव्हापासून गळ्यात तुळशीची माळ आणि हातात पिशवी घेऊन मामा भंगारवाल्याकडे रिकाम्या क्वार्टरी निवडताना दिसायचे. कॉलनीत त्यावरून बरंच बोललं गेलं. मामांनी कुणाला खुलासा केला नाही. म्हणाले, "डब्याचं माप डब्याला माहीत."

तर तेल बदलायचं कारण रविवार होतं.

मार्चमध्ये मामा पंखा पुसायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चालू असताना मामींनी दवाखान्याच्या व्हरांड्यात हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, "आई सप्तशृंगी, यांना पायावर उभं कर. यांच्याच गाडीवर, यांच्याच मागं बसून गडावर येईन. तोवर चहा घेणार नाही."

पहिला भाग ठीक होता. चहाचा भाग मामींनी घाईत जोडला, असं माझं मत. कारण मामी दिवसाला आठ कप पिणाऱ्या. पण देवीने ऐकलं होतं, आणि शेजारच्या बाकावर मामींच्या भजनी मंडळाच्या तिघी बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं होतं. देवीने एखाद्या वेळी समजून घेतलं असतं.

त्याला आठ महिने झाले. मामांचा पाय बघायला घरी जो येईल त्याला मामींनी चहा केला. समोर बसायच्या, वाफेकडे बघायच्या, विचारायच्या, "आलं लागतंय का?" आपण हो म्हटलं की डोळे मिटायच्या. त्यांच्याकडे चहा पिणं हे मला पाप वाटायला लागलं होतं. पिणं थांबवलं नाही, पण वाटायचं.

मागच्या आठवड्यात डॉक्टर मामांना म्हणाले, "गाडी चालवा हवं तर, फक्त स्टुलावर चढू नका." रविवार ठरला. मामांना अजून खाली उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी गाडी माझ्याकडे लावली. एक क्वार्टर हातात दिली, वर प्लास्टिकची पिशवी लावून दोऱ्याने बांधलेली. म्हणाले, "नव्वद नंबरचं तेल आहे. घाट चढायचाय, आधी डब्यातलं बदल. आणि सीटखाली चिठ्ठी आहे, ती वाच."

मी म्हटलं, "मामा, मला काय चिठ्ठी देता. मी काय आज स्पॅनर धरला का?"

चिठ्ठी मी पावणेअकराला वाचली. मामांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "आधी वरचा नट सैल होतो का बघ. मगच खालचा काढ. नाहीतर सोडलेलं तेल बघत बसशील."

मी सोडलेलं तेल बघत बसलो होतो.

वरच्या नटावर कधीतरी रंगाचा हात फिरला होता आणि तो डब्याशी एकजीव झाला होता. शेवटी पान्याला बोअरवेलच्या पाइपाचा तुकडा जोडला, वॉचमन पाइपावर बसला आणि नट टक्कन सुटला. त्याखालचं तांब्याचं वायसर उडून कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. मला काळजी नव्हती. माझ्याकडे मिक्सरच्या भांड्याची रबरी वायसरं डझनाने असतात. एक बसलं. छान बसलं.

"तेल दे," मी उज्वलाला म्हणालो.

"कुठाय?" उज्वला म्हणाली.

"टीव्हीजवळ ठेवलं होतं काल."

"टीव्हीजवळची क्वार्टर? ती मी माळ्यावर ठेवली."

मी वर जाऊन माळ्यावरून बाटली काढली. वर पिशवी, पिशवीवर दोरा, आत काळपट घट्ट. त्या आठवड्यात थंडी पडायला लागली होती आणि माझं नाक पूर्ण बंद होतं, हे इथे सांगून ठेवतो. नरसाळं लावलं, ओतलं. सावकाश गेलं, पण शेवटच्या थेंबापर्यंत गेलं. मापात. नट आवळले आणि बिटको चौकापर्यंत एक चक्कर मारून आलो. गाडी लोण्यासारखी चालली. मागून जो बारीक कुईं आवाज यायचा तोही बंद झाला होता. मी मामांना फोन करून सांगितलं, "मामा, आवाज गेला. तुमच्या हातून इतकी वर्षं गेला नव्हता."

मामा म्हणाले, "जायला नको तो. दात्यांचा आवाज आहे, थोडा असतोच."

मी म्हटलं, "आता नाही."

शुक्रवारी सकाळी वॉचमनने वर फोन केला. "साहेब, तुमच्या गाडीला मुंग्या लागल्यात."

खाली आलो. जिन्याच्या कोपऱ्यातून एक रांग निघाली होती. ती दोन स्कूटर आणि एक व्हॅगनआर सोडून सरळ मामांच्या गाडीच्या मागच्या चाकावर चढत होती. डब्याच्या नटाभोवती तर जत्रा भरली होती. वरच्या मजल्यावरचे रिटायर शेजारी म्हणाले, "लाल मुंग्या म्हणजे शुभ. देवीचा नवस आहे ना?" मी म्हटलं हो. त्यांनी गाडीला हात लावून नमस्कार केला. मीही केला आणि मुंग्यांचा खडू आणून चाकाभोवती गोल काढला.

तेवढ्यात उज्वला कचरा टाकायला खाली आली. कालची रिकामी क्वार्टर तिथेच भिंतीशी पडली होती. बाटलीतही मुंग्या. तिने बाटली उचलली, तोंडाला करंगळी लावली आणि करंगळी जिभेला लावली. मी ओरडणार होतो, तेल आहे म्हणून. पण तिच्या तोंडावर ओळख दिसली, माहेरचं माणूस दिसल्यावर दिसते तशी.

"ही आईची काकवी आहे," ती म्हणाली.

मी मुंग्यांकडे बघितलं.

"निफाडहून परवा दादाने आणून दिली. तीन बाटल्या. मी माळ्यावर ठेवल्या," ती म्हणाली. "आई क्वार्टरीतच भरते. वर पिशवी लावून."

"आणि दोरा बांधून."

"दोरा बांधून. मला वाटलं, चौथी टीव्हीजवळ दादाच विसरून गेला."

माझ्या मामांच्या परदेशी गाडीच्या डब्यात माझ्या सासूबाईंची उसाची काकवी होती. आणि परवाच्या पहाटे ते दोघं पन्नास-साठ किलोमीटर जाऊन घाट चढणार होते.

"मामांना सांगू या," उज्वला म्हणाली.

"नको. मामा हसून सोडतील. मामी नाही हसणार."

मामी नवसाच्या बाबतीत अक्षराच्या पक्क्या. यांच्याच गाडीवर म्हणजे यांच्याच गाडीवर. मी मागे एकदा सुचवलं होतं की माझ्या स्कूटरवर मामा बसतील, मामी मागे बसतील, देवी काय नंबर प्लेट बघते का. मामी म्हणाल्या, "तू बघतोस का मिक्सरमध्ये बाई कोण वाटतेय ते? पण ब्लेड लागलं की कळतंच ना." याचा अर्थ मला लागला नाही, पण विषय संपला. रविवार चुकला असता तर पुढच्या रविवारी मामांची तपासणी होती, त्यापुढच्या रविवारी भजनी मंडळातल्या एकीच्या मुलीचं लग्न. मामींच्या चहाला आणखी एक महिना लागला असता. तो महिना मी त्यांच्या समोर बसून चहा पिऊ शकलो नसतो.

नाशकात परदेशी गाड्या बघणारा एक जण आहे, त्याला फोन केला. म्हणाला, पंधरा दिवसांनी घेऊन या. आत काय आहे म्हणालात? मी परत सांगितलं. त्याने फोन ठेवला.

मग मला नवनाथ आठवला. नवनाथचं दिंडोरी रोडला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. द्राक्षवाल्यांच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की तो माझ्याकडे वाइंडिंग भरायला आणतो. मी म्हटलं, ट्रॅक्टरलाही चेन नसते.

त्याला फोनवर सगळं सांगितलं.

"काकवी?" तो म्हणाला.

"हो."

"क्राऊनमधी?"

"तुम्ही त्याला क्राऊन म्हणता का?"

"आम्ही त्यात तेल टाकतो म्हणून क्राऊन म्हणतो. तुमचं काय म्हनायचं ते बघू. सकाळी टेम्पोत घालून आना. चालवत नका आनू, पाक होईल."

शनिवारी सकाळी आठला मी आणि उज्वला टेम्पोतून नवनाथच्या पत्र्याच्या शेडखाली उतरलो. नवनाथ पन्नाशीचा, अंगाने ट्रॅक्टरसारखाच. त्याने गाडीला एक चक्कर मारली, डब्यावर टिचकी मारली, वरचा नट काढला. आधी त्याच्या हातात मिक्सरचं रबरी वायसर आलं. त्याने ते उन्हात धरलं.

"हे कशाचंय?"

"चटणीच्या भांड्याचं," मी म्हणालो.

"म्हणजे जेवनाची पुरी तयारी व्हती," नवनाथ म्हणाला आणि खालचा नट काढला.

काहीच आलं नाही. दोन रात्रींच्या थंडीत काकवी आत बसली होती. मग एक जाड थेंब आला, लोंबला आणि तिथेच विचार करत राहिला. नवनाथने मागचं चाक काढलं, डबा शाफ्टवरून ओढून काढला आणि पाटावर ठेवला. त्यात डिझेल ओतून हलवलं. डिझेल जसं गेलं तसं बाहेर आलं. काकवी हलली नाही. परत ओतलं. रॉकेल टाकून बघितलं. पेट्रोल टाकलं. साडेदहा झाले. दात्यांवर काकवी अशी बसली होती जशी तिथेच जन्मली.

नवनाथने बोट लावून बघितलं, वास घेतला. "लय तेलं बघितली. ह्याला कशानं सोडवायचं कळत नाय. थिनर मागवतो नाशकातून, पन दुपार होईल. आन् थिनरनं आतलं शील गेलं तर मंग गाडी महिनाभर हितंच."

शील म्हणजे डब्यातलं रबर, तेल बाहेर येऊ न देणारं. परदेशातून येणारं. महिनाभर. माझ्या डोळ्यासमोर मामी आल्या, कपबशी पुसताना.

तेवढ्यात शेडच्या मागून नवनाथची आई भागीबाई आली. सत्तरीच्या पुढची, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात चहाची किटली. तिने आम्हाला कप दिले आणि पाटावरच्या डब्याकडे बघितलं. मग डब्याजवळ आली, आत बोट घातलं आणि नवनाथ "आये, आये" म्हणेपर्यंत चाटलं. लगेच बाजूला थुंकली.

"डिझेल लय झालं," ती म्हणाली. "पन काकवी चांगली हे. निफाडकडची ना?"

उज्वलाचा ऊर भरून आला. "आईची आहे."

"तरीच. माझा बापबी तिकडचा, गुऱ्हाळ व्हतं आमचं." आणि नवनाथकडे वळून म्हणाली, "का रं, गुळाच्या कढईला डिझेल लावत्यात का कुनी? मी लहानपनी काय डिझेलनं कढया धुतल्या का? कडक पानी आन. फुकट हात काळं करून राहिला सकाळपासून."

"आये, पान्यानं बेरिंग गंजल."

"गंजायच्या आत सुकव की. तुझा तो फूफू करनारा ठेवलाय ना दारात, टायरीत हवा भरायचा."

नवनाथ माझ्याकडे बघायला लागला, मी नवनाथकडे. आम्ही दोघंही वीस-पंचवीस वर्षं यंत्रं दुरुस्त करत होतो. गूळ पाण्यात विरघळतो हे आमच्यापैकी एकालाही अडीच तासांत आठवलं नव्हतं.

भागीबाईने चुलीवर हंडा चढवला. पहिलं पाणी ओतलं तसं डब्यातून तांबूस रंगाचं पाणी आलं, दुसऱ्याला फिकट, चौथ्याला स्वच्छ. सगळ्या शेडला गुऱ्हाळाचा वास सुटला. भागीबाई स्वतः प्रत्येक पाणी बोटाने चाखून बघत होती आणि म्हणत होती, "अजून गोड हे, अजून एक." पाचव्याला म्हणाली, "फिक्कं." मग नवनाथने कॉम्प्रेसरची हवा मारली, डबा उन्हात तापवला, परत हवा मारली. मग डिझेलने धुतला, हवा मारली, मग कुठे नवीन नव्वद नंबर घेतलं. मी क्वार्टर म्हणून बोललो. त्याने मापाचा डबा दाखवला आणि म्हणाला, "आमच्याकडं दुसरं माप नसतं, वारकरी मानूस हे मी." मामांची आणि याची गाठ घालून द्यायला हवी, असं मला वाटलं.

डबा परत लावायच्या आधी नवनाथने शाफ्टचं टोक बघितलं. तिथेही दाते असतात, डब्याच्या दात्यांत अडकणारे. त्याच्यावरचा रबरी बूट, म्हणजे पाणी-धूळ अडवणारी टोपी, चिरलेला होता. नवनाथने फडकं फिरवलं आणि फडक्यावर लाल भुगा आला.

तो गंभीर झाला. "हितं ग्रीस कधी लावलं व्हतं?"

"मामा दरवर्षी तेल बदलतात."

"तेल आत असतं. हे भायेर. हितं ग्रीस लागतं, काळं, गरमीला टिकनारं. हे निस्तं गंजून राहिलंय. पानी जात व्हतं बुटातून." त्याने दात्यावर नख फिरवलं. "अजून दातं हायत. पन कोरडं असंच घाटात नेलं असतं ना, चढावर दोन मानसांचं वजन घिऊन, तर दातं सपाट झालं असतं. इंजन निस्तं फिरत राहिलं असतं आन् गाडी मागं आली असती."

कढत हंड्यातून वाफ येत होती.

"म्हणजे काकवी पडली नसती तर आपण हे उघडलंच नसतं," उज्वला म्हणाली.

"कशाला उघडता," नवनाथ म्हणाला. "मीबी नसतं उघडलं."

त्याने सगळा गंज घासून काढला, काळं ग्रीस बोटाने प्रत्येक दात्याच्या फटीत भरलं, चिरलेल्या बुटाच्या जागी एका छोट्या ट्रॅक्टरचा बूट कापून बसवला. वायसर तांब्याचं. नट आवळताना मला म्हणाला, "लय ताकद नाय लावायची. वॉचमन बशिवला व्हता ना तुम्ही?" मी मान डोलावली. "पुन्यांदा नका बशवू. डबा ॲल्युमिनमचा हे, आटे जात्यात."

मी काय द्यायचं विचारलं, तर म्हणाला, "मोटर जळली की येतोच की मी." भागीबाईला मी नमस्कार करायला वाकलो. ती मागे सरकली. तिला दुसरंच कुतूहल होतं.

"ती तुझी मामी. आठ महिनं च्या नाय घेतला म्हने?"

"नाही."

"बया. दुसऱ्याला करून देते आन् आपुन नाय?"

"दिवसात दहा वेळा."

भागीबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं. "देवीचं झालं की येताना हितं आना तिला. पहिला कप माझ्या हातचा. टपरीवरच्या पान्यावर नको तिचा नवस सुटायला."

संध्याकाळी मामा पार्किंगमध्ये आले, काठी भिंतीला लावली, गाडी चालू करायला सांगितली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. बारीक कुईं परत आलं होतं. मामा खूश झाले. "बघ, आला आवाज. परवा काय सांगत होतास?" मी गाडी बंद केली.

रविवारी पहाटे मी माळ्यावर चढलो. भागीबाईला रिकाम्या हाताने भेटायचं नव्हतं. तिला माहेरची काकवी द्यायची, हे रात्रीच ठरलं होतं. उज्वला म्हणाली, "थांब, मी काढून देते." मी म्हटलं, "आता मला कळतं." तीन बाटल्या उरल्या होत्या, दोन काकवीच्या, एक तेलाची. मी तिन्ही आडव्या केल्या. तेल लवकर सरकतं, काकवी सावकाश. नवनाथच्या शेडमध्ये दिवसभर हेच तर बघितलं होतं. सगळ्यात सावकाश सरकणारी बाटली मी पिशवीत घातली.

सहाला निघालो. मामा-मामी पुढे, आम्ही स्कूटरवर मागे. मामींनी हिरवं लुगडं नेसलेलं, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवरून पदर. मामांच्या खांद्यावर दोन्ही हात. दिंडोरी गेलं, वणी गेली. नांदुरीचा घाट आला तसा मी स्कूटर जवळ नेली आणि चढभर त्या मागच्या डब्याकडेच बघत राहिलो. उज्वलाने माझ्या बरगडीत बोट घातलं, "रस्त्याकडे बघ." गाडी एका दमात चढली. वर मामींनी उतरताना आधी गाडीच्या मागच्या चाकाला हात लावला, मग देवीच्या दिशेने हात जोडले. पायऱ्या मामा काठी घेऊन हळूहळू चढले, मामी एकेक पायरी त्यांच्या मागे. कुणी घाई केली नाही.

येताना एकच्या सुमाराला नवनाथच्या शेडखाली थांबलो. भागीबाईने मामींना खाटेवर बसवलं, लेक आल्यासारखं. किटली आली. आलं, वेलची, गूळ. कप मामींच्या हातात दिला. मामींनी कप दोन्ही हातांनी धरला, वाफ घेतली, आणि सवयीने भागीबाईलाच विचारलं, "आलं लागतंय का?"

"तू सांग," भागीबाई म्हणाली.

मामी प्यायल्या. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग कप पुढे केला. भागीबाईने परत भरला. तिसरा कप झाल्यावर मामी म्हणाल्या, "लागतंय."

मग भागीबाईने सगळं सांगितलं. मी डोळ्याने खुणा करत होतो, तिने त्या बघितल्या आणि तरी सांगितलं. काकवी, मुंग्या, चटणीचं वायसर, कढत पाणी, कोरडे दाते. मामींचा चौथा कप तिथेच थांबला. मामा ऐकत राहिले.

"चिठ्ठी वाचली नव्हतीस?" त्यांनी विचारलं.

"वाचली, मामा. नंतर."

मामा गाडीजवळ गेले, नवीन बुटावरून अंगठा फिरवला. "कर्नल म्हणाला होता, दोन वर्षांनी इथलं ग्रीस बघायचं. मी म्हटलं, शाफ्टची गाडी, चेन नाही, हिला काय लागतं. अकरा वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलो." ते नवनाथसमोर उभे राहिले आणि त्याचे दोन्ही काळे हात आपल्या हातात घेतले. "बाबा, मागे माझी बायको बसली होती."

नवनाथ म्हणाला, "म्या निस्तं ग्रीस लावलं. पानी तर आयेनं तापवलं."

मामी उठल्या आणि भागीबाईच्या गळ्यात पडल्या. मग माझ्याकडे आल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मूर्ख आहेस, महेश," म्हणाल्या, "पण वेळेवर आहेस." मला आजवर मिळालेलं हे सगळ्यात चांगलं सर्टिफिकेट.

निघताना मी पिशवीतून क्वार्टर काढली आणि भागीबाईच्या हातात ठेवली. "तुमच्या माहेरची." तिने बाटली पदराला पुसली, डोळ्याला लावली आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात, देवाच्या फोटोखाली ठेवली.

सोमवारी दुपारी नवनाथचा फोन आला. आई वावरात गेली होती, त्याने जेवताना स्वतःच बाटली उघडून भाकरीवर ओतली. हाताला कायम तोच वास असतो, त्यामुळे पहिला घास जाईपर्यंत कळलं नाही. नव्वद नंबर होतं, पहाटेच्या थंडीत काकवीहून घट्ट झालेलं. उरलेली भाकरी म्हशीनेही खाल्ली नाही.